शास्त्रीय नावं पाठ करण्याआधी त्यांचे शेवट ओळखा

वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र नव्यानं शिकणारे बरेच जण शास्त्रीय नावं अर्थ न लावता घोकतात. मग उत्तरपत्रिकेत 'पायपर नायग्रा', 'फायकस रिलिजिओसस' अशी नावं उतरतात. चूक शेवटच्या एकदोन अक्षरांचीच असते, पण नाव चुकलं ते चुकलंच. हे शेवट नियमानं येतात, आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग मराठी बोलणाऱ्याला आधीपासूनच येत असतो.

सुरुवात कुलनामांपासून करा, कारण ती सोपी आहेत. वनस्पतींच्या गणाचं (ऑर्डर) नाव '-एलीज'नं आणि कुलाचं (फॅमिली) '-एसी'नं संपतं: रोझेलीज, रोझेसी. प्राण्यांच्या कुलाचा शेवट '-इडी': फेलिडी मांजराचं कुल, कॅनिडी कुत्र्याचं. त्यामुळे एपिडी म्हटलं की मधमाशी आणि एपिएसी म्हटलं की कोथिंबीर-गाजर, हे नुसत्या शेवटावरून कळतं. आठ वनस्पतिकुलांना मात्र दोन-दोन नावं आहेत आणि दोन्ही वैध आहेत. गवताचं कुल पोएसी किंवा ग्रॅमिनी, कडधान्यांचं फॅबेसी किंवा लेग्युमिनोसी. जुन्या पुस्तकात दुसरं नाव दिसलं तर ते खोडू नका. स्वतः लिहिताना '-एसी'वालं वापरा आणि एका लेखनात दोन्हींची सरमिसळ करू नका. पक्ष्यांच्या गणनामांतलं '-इफॉर्मीस' किंवा कीटकांच्या गणांतलं '-प्टेरा' हे रूढीनं आलेले शेवट आहेत. प्राणिनामांच्या संहितेचे नियम अधिकुलापर्यंतच, म्हणजे कुलाच्या लगेच वरच्या पायरीपर्यंतच पोचतात.

एका ठिकाणी देवनागरी दगा देते. बोव्हिनी हे उपकुल आहे आणि त्याच्या पोटातला ट्राइबही (उपकुलाखालचा गट) बोव्हिनीच. नीलगाय बोव्हिनी उपकुलात येते, पण बोव्हिनी ट्राइबमध्ये येत नाही. तिथे गाय, म्हैस, गवा आहेत. रोमन लिपीत उपकुलाचा शेवट आय-एन-ए-ई असा आहे आणि ट्राइबचा आय-एन-आय. त्यात भर म्हणजे वनस्पतींमध्ये आय-एन-ए-ई हा शेवट उपट्राइबचा असतो. तसंच ओ-आय-डी-ई-ए म्हणजे प्राण्यांचं अधिकुल, आणि त्याला आणखी एक ई जोडला की वनस्पतींचं उपकुल. नोट्स मराठीत काढा, पण नाव प्रत्येक वेळी रोमन लिपीतही लिहा.

आता जातीचं नाव. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात: पहिला प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज). लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. काळा, काळी, काळं हे आपण विचार न करता म्हणतो. लॅटिनमध्ये तेच नायगर, नायग्रा, नायग्रम. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी पुल्लिंगी, म्हणून अ‍ॅस्परजिलस नायगर. ब्रॅसिका स्त्रीलिंगी, म्हणून काळी मोहरी ब्रॅसिका नायग्रा. पायपर नपुंसकलिंगी, म्हणून काळी मिरी पायपर नायग्रम. 'लागवडीचा' या अर्थाचं विशेषणही असंच फिरतं: केशर क्रॉकस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण अ‍ॅलियम सटायव्हम. दुसऱ्या प्रकारच्या विशेषणांत पुल्लिंग आणि स्त्रीलिंगाचं रूप एकच '-इस', नपुंसकलिंगाला शेवटी ई: बीट हे बीटा व्हल्गॅरिस, पण सातू हॉर्डियम व्हल्गेर. आपल्याकडे लाल, सुंदर ही विशेषणं बदलत नाहीत, तसं तिथे एलेगन्स, रेपेन्स बदलत नाहीत.

म्हणजे प्रश्न उरतो प्रजातीचं लिंग ओळखण्याचा, आणि गडबड इथेच होते. प्रजातीच्या नावाचा शेवट पाहून लिंग ठरवायला गेलात तर बहुतेकदा जमतं, पण झाडांपाशी फसता. लॅटिन परंपरेत बरीच झाडं स्त्रीलिंगी आहेत, नाव '-अस'नं संपलं तरी. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा, तुती मोरस आल्बा. मेपलची एसर प्रजाती मात्र नपुंसकलिंगी: एसर रुब्रम. ग्रीकमधून आलेली '-मा'नं संपणारी नामं स्त्रीलिंगी वाटतात, पण ती नपुंसकलिंगी असतात, म्हणून ट्रायकोडर्मा व्हिरिडी. कुकुमिस आणि कॅनॅबिस दोन्ही '-इस'नं संपतात, तरी काकडी कुकुमिस सटायव्हस आणि भांग कॅनॅबिस सटायव्हा.

यावर खात्रीचा उपाय एकच: प्रत्येक प्रजातीसाठी आपल्याला पक्की माहीत असलेली एक जाती खूण म्हणून ठेवा. वहीत तीन रकाने करा: प्रजाती, लिंग, खुणेची जाती. पहिल्या वीस-पंचवीस प्रजाती अभ्यासक्रमातल्याच घ्या. खुणेची जाती निवडताना तिचं नाव विशेषणच आहे ना, हे आधी पाहा. कांद्याचं अ‍ॅलियम सेपा पाहून अ‍ॅलियम स्त्रीलिंगी ठरवलंत तर पुढची सगळी नावं बिघडतील. सेपा हे विशेषण नाही, ते स्वतःच कांद्याचं नाव आहे. वांग्याचं सोलॅनम मेलोंजेना आणि बिबट्याचं पँथेरा पार्डस यांतही जातीचं नाव नामच आहे. नाम प्रजातीच्या लिंगाशी जुळवून घेत नाही.

षष्ठीची रूपंही बदलत नाहीत. आलं झिंजिबर ऑफिसिनेल, इथे विशेषण आहे आणि ते नपुंसकलिंगी झालं आहे. ऊस सॅकॅरम ऑफिसिनॅरम, इथे 'औषधशाळांचा' अशी षष्ठी आहे. ते कुठेही ऑफिसिनॅरमच राहील. माणसाच्या नावावरून केलेली नावंही याच वर्गातली. पायनस स्त्रीलिंगी असूनही पायनस रॉक्सबर्गी. इथे शेवटी एक आय की दोन, हा नेहमीचा गोंधळ. वनस्पतींमध्ये पुरुषाचं आडनाव व्यंजनानं संपत असेल तर दोन आय. '-अर'नं संपत असेल तर एकच, म्हणून हूकरवरून हूकेरी. प्राण्यांमध्ये मूळ वर्णनात जसं छापलं तसंच ठेवतात, त्यामुळे तिथे अंदाज करू नका.

स्थळांवरून आलेला '-एन्सिस' लिंगाप्रमाणे बदलतो (गॉसिपियम बार्बाडेन्से), पण आधीचं स्पेलिंग मूळ लेखकाचं, म्हणजे ज्यानं ते नाव पहिल्यांदा दिलं त्याचं, राहतं. वडाच्या फायकस बेंगालेन्सिसमध्ये जीनंतर एच आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या जिप्स बेंगालेन्सिसमध्ये तो नाही. एकावरून दुसरं 'दुरुस्त' करणं ही अगदी सर्रास होणारी चूक.

जाती एका प्रजातीतून दुसरीत गेली की विशेषण नव्या लिंगाप्रमाणे बदलतं. लवंगेला लिनीयसनं 1753 मध्ये कॅरिओफायलस अ‍ॅरोमॅटिकस म्हटलं होतं. आज ती सिझिजियम अ‍ॅरोमॅटिकम आहे. अशा बदलाची खूण नावाशेजारीच असते: मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. कंस दिसला की जुन्या पुस्तकातला शेवट वेगळा असू शकतो हे धरून चाला आणि नाव पडताळून घ्या. वनस्पतींसाठी आयपीएनआय (वनस्पतिनामांची आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सूची) किंवा प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन, प्राण्यांसाठी कॅटलॉग ऑफ लाइफ. शोधताना जातीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं गाळून पाहा. जुनी आणि नवी दोन्ही रूपं समोर येतात.