बाभळीचे सरपण : वाळवण आणि चुलीतला जाळ

विदर्भातल्या खेड्यांत बाभूळ आणि धावडा यांचे जड लाकूड टिकाऊ निखाऱ्यासाठी उत्तम मानले जाते. पण ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि त्याची वाफ होण्यातच बरीच उष्णता खर्च होते, म्हणून स्वयंपाकघरात कोंडणारा धूर बहुधा अर्धवट वाळलेल्या सरपणाचाच असतो. हिवाळ्यात तोडलेले ओंडके ताजे असतानाच फोडावेत, कारण वाळलेली बाभूळ कुऱ्हाडीला सहजी दाद देत नाही. फोडलेली लाकडे दगडांवर किंवा बल्ल्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि मोकळी रचावीत. मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन वाळवणीचे मोठे काम करते, मात्र मृगाआधी ढिगाचा माथा झाकावा व बाजू उघड्या ठेवाव्यात. टोकांना भेगा पडल्या आणि दोन लाकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की सरपण तयार झाले.

पेटवताना खाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आणि त्यांवर मनगटाएवढी दोन-तीन लाकडेच ठेवावीत. चूल ठासून भरल्यास हवा कोंडते. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो.