व्हॉल्व्ह बदलण्याआधी मीटर लावा: गिटार अ‍ॅम्पच्या दुरुस्तीत या चुका टाळा

दोन ६एल६ व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे काचेची व्हॅक्यूम ट्यूब; ६एल६ हा स्पीकरला ताकद देणारा पॉवर व्हॉल्व्ह) एक गिटार अ‍ॅम्प माझ्याकडे आला, तोवर त्याने व्हॉल्व्हच्या दोन नव्या जोड्या खाल्ल्या होत्या. दोन्ही वेळी गोष्ट तीच: दहा मिनिटं छान वाजायचा, मग एका व्हॉल्व्हची प्लेट (आतला करंट गोळा करणारा धातूचा पत्रा) लालबुंद व्हायची आणि फ्यूज उडायचा. मालकाला वाटलं, व्हॉल्व्ह खराब निघाले. दोष खरं तर त्यांच्या आधीच्या एका कपलिंग कपॅसिटरमध्ये होता, ०.१ मायक्रोफॅरडचा, वडापावापेक्षा महाग नसलेला. फेज इन्व्हर्टरच्या (दोन्ही पॉवर व्हॉल्व्हना सिग्नल वाटून देणाऱ्या आधीच्या टप्प्याच्या) प्लेटवरचे दोनशेहून जास्त व्होल्ट अडवून फक्त सिग्नल पुढे सोडायचा, हे त्याचं काम. तो गळायला लागला की पुढच्या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवरचा, उणे व्होल्टेज कमी होतो आणि व्हॉल्व्ह भसाभस करंट ओढायला लागतो. त्या अ‍ॅम्पमध्ये एका सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, उणे ४८ व्होल्ट होते, दुसऱ्यावर उणे ३०. पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवून दोनच मापं घेतली असती तर चार व्हॉल्व्ह वाचले असते.

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो. व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतो, हाताने निघतो, म्हणून आधी तोच बदलला जातो. प्रीअँपचे (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारे) १२एएक्स७ व्हॉल्व्ह बदलून पाहायला हरकत नाही, त्यात धोका नाही. पण पॉवर व्हॉल्व्ह लाल झाला असेल किंवा त्याने फ्यूज उडवला असेल, तर ग्रिडचा बायस (तोच उणे व्होल्टेज) आणि स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर तपासल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह बसवू नका. व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होतो तेव्हा बहुतेक वेळा स्क्रीनचा रेझिस्टरही जळतो. फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये तो ४७० ओहमचा, मार्शलमध्ये साधारण १ किलोओहमचा असतो. बाहेरून धड दिसला तरी मीटर लावून बघा.

आधी जिवाचं

चॅसी (अ‍ॅम्पचा धातूचा सांगाडा) उघडण्याआधी प्लग काढला म्हणजे झालं, असं समजू नका. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये फिल्टर कपॅसिटरवर (सप्लायचा डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरवर) ४०० ते ५०० व्होल्ट असतात. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ४५० व्होल्ट म्हणजे सुमारे १० ज्यूल ऊर्जा, आणि ती प्लग काढल्यावरही राहते. पॉवर व्हॉल्व्ह काढलेले असतील तर जास्तच वेळ राहते, कारण ती ओढून घ्यायला कोणी नसतं. काही जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. त्याने कपॅसिटर दुखावतो, हातही दचकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपच्या वायरीवर लावा, एक टोक चॅसीला, दुसरं कपॅसिटरच्या धन टोकाला. दहा-पंधरा सेकंद थांबा, मग मीटरवर व्होल्टेज जवळजवळ शून्य झालाय का ते पाहा. प्रत्येक फिल्टर कपॅसिटर वेगळा तपासा. काम चालू असेपर्यंत क्लिप काढू नका, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मोकळा केला तरी त्यावर थोडा व्होल्टेज परत चढतो.

चालू अ‍ॅम्पमध्ये माप घ्यायचं असेल तर आधी ती रेझिस्टरची क्लिप काढा, मीटरची काळी वायर क्लिपने चॅसीला लावा आणि लाल वायर एका हाताने धरा. दुसरा हात खिशात. हे सगळं जड वाटत असेल तर चॅसी न उघडता करता येण्यासारख्या तपासण्याच करा, पुढचं काम जाणकाराकडे द्या. त्यात कमीपणा नाही.

स्पीकर नाही, फ्यूज भलताच

स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा डमी लोड जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू करू नका. ट्रान्झिस्टरच्या बहुतेक अ‍ॅम्पना लोड नसला तरी फरक पडत नाही, त्यामुळे ही सवय तिकडून येते. इथे लोड नसताना सिग्नल गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज उसळतो, आणि सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटतं. अ‍ॅम्पमधल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर. ८ ओहमच्या आउटपुटला ८ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर लावायचा तर त्याचा वॅटेज अ‍ॅम्पच्या निदान दुप्पट घ्या.

उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिगारेटची चांदी, कधीच नको. त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा लावा, बहुधा स्लो-ब्लो (चालू करतानाचा क्षणिक झटका सोसणारा). नवाही उडाला तर तिसरा लावू नका, सिरीज बल्ब काढा. वायरमनकडे असतो तो सिरीज बोर्ड, त्यात १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब; शॉर्ट असला तर जादा करंट तोच अडवतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. पॉवर व्हॉल्व्ह काढून, बल्बमधून अ‍ॅम्प चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर आणि पुढचा सप्लाय बहुतेक ठीक आहे. झगझगीत राहिला तर शॉर्ट तिथेच आहे: रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), फिल्टर कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर. मंद झाला, पण पॉवर व्हॉल्व्ह बसवल्यावर पुन्हा झगझगला, तर व्हॉल्व्ह, बायस आणि सॉकेट पाहा. एक सांभाळा: बल्ब मध्ये असताना बायस सेट करू नका, त्या वेळी सगळेच व्होल्टेज खाली आलेले असतात.

अमेरिकेतून आलेला अ‍ॅम्प आणि अमेरिकेतली माहिती

आपल्याकडे बरेच अ‍ॅम्प शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कुणीतरी आणलेले असतात. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो २३० व्होल्टच्या प्लगमध्ये एकदाही घालू नका. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या पट्टीवरच्या वॅटपेक्षा मोकळी ठेवा. ४० वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून ४० वॅटच ओढत नाही, त्याच्या कितीतरी पट ओढतो. ट्रान्सफॉर्मर अर्थिंग पुढे नेणारा आहे, याचीही खात्री करा.

गुणगुण शोधताना आणखी एक गफलत होते. बाहेरच्या लेखांत लिहिलेलं असतं, ६० हर्ट्झ म्हणजे वायरिंगची गुणगुण आणि १२० हर्ट्झ म्हणजे फिल्टर कपॅसिटर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून इथे ते आकडे ५० आणि १०० होतात. कानाने ओळखायला गिटारच पुरते: जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो जी वाजतो तो ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्याच्याशी जुळत असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर थकलेत, अ‍ॅम्प १५-२० वर्षांचा असेल तर ती शक्यता जास्तच. एक सप्तक खालची, गोल आणि गडद असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे अर्थिंग, हीटरची (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेची) वायर किंवा खुद्द गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप. पिकअप ओळखणं सोपं आहे: गिटार घेऊन गोल फिरा, गुणगुण कमी-जास्त झाली तर अ‍ॅम्पला हात लावायची गरज नाही.

पॉवर व्हॉल्व्ह शॉर्ट झाल्यानंतर सुरू झालेली ५० हर्ट्झची गुणगुण मात्र वेगळी. बऱ्याच फेंडरमध्ये हीटरच्या दोन वायरींपासून चॅसीला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, बहुतेक वेळा पायलट दिव्यापाशी. शॉर्टमध्ये ते फ्यूजसारखे जळतात आणि लोक उगाच फिल्टर कपॅसिटर बदलत बसतात. १०० हर्ट्झचीही एक फसवी जात आहे. पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये (पॉवर व्हॉल्व्ह जोडीने, आलटून-पालटून काम करतात त्यात) दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह सारखा करंट ओढत असतील तेव्हाच सप्लायची गुणगुण आपसात कटते. त्यातला एक म्हातारा झाला की कपॅसिटर चांगले असूनही अ‍ॅम्प घोंघावतो.

गुणगुण जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढणं, हे मात्र कुणी केलेलं दिसलं की मी काम थांबवून आधी तीच लावतो. अ‍ॅम्पची चॅसी गिटारच्या तारांना जोडलेली असते, आणि समोर धातूचा माइक ओठांपाशी. घरात अर्थिंग नसेल तर वायरमनला बोलवा, अ‍ॅम्प त्यानंतर.

कपॅसिटर बदलताना, बायस लावताना

बायसच्या सप्लायचे कपॅसिटर उलटे बसतात. तो सप्लाय उणे असतो, म्हणून त्यांचं धन टोक चॅसीकडे जातं. बाकीचे सगळे धन टोक वर करून बसवले, म्हणून हाताच्या सवयीने हेही तसेच बसवले की ते फुटतात, बायस जातो आणि व्हॉल्व्ह लाल होतात. जुना काढण्याआधी फोनने फोटो घ्या.

बायससाठी ‘३५ मिलीअँपिअर ठेवा’ असला आकडा ऐकून बायसचा पेच फिरवू नका. आधी प्लेटचा व्होल्टेज मोजा. प्लेटवर ४४० व्होल्ट आणि कॅथोडला (व्हॉल्व्हच्या दुसऱ्या टोकाला) जोडलेल्या १ ओहम रेझिस्टरवर ३८ मिलीव्होल्ट, म्हणजे ३८ मिलीअँपिअर, म्हणजे साधारण १७ वॅट. ३० वॅटच्या ६एल६जीसीला त्याच्या ७० टक्के, म्हणजे २१ वॅटपर्यंत चालतं. तोच १७ वॅटचा आकडा २५ वॅटच्या ईएल३४ या व्हॉल्व्हला जेमतेम काठावर बसतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणातून येणारे अ‍ॅम्प

यांची तक्रार ठरलेली असते: आवाज मध्येच बसतो, अ‍ॅम्पला थाप मारली की परत येतो. निम्म्या वेळा दोष इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या सेंड-रिटर्नच्या) जॅकमध्ये असतो. तिथे प्लग नसताना आतली पाती एकमेकांना टेकून सिग्नल पुढे जातो, दमट हवेत त्यांवर मळी धरते. सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅचकॉर्ड लावून वाजवा. आवाज सरळ आला तर जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून प्लग दहा वेळा आत-बाहेर करा. पॉट (आवाज-टोनचं फिरवायचं बटण) खरखरत असेल तर त्यालाही तोच क्लीनर, पण त्यानंतरही खरखर राहिली तर पॉटवर डीसी व्होल्टेज आहे का ते मोजा. असेल तर पॉट निर्दोष आहे, आणि गळणारा कपलिंग कपॅसिटर त्याच्या आधीच्या टप्प्यात सापडेल.