वाळूत झुडपांचे बी उगवत नाही? या चुका टाळा

वाळवंटी झुडपांचे बी पेरून तीन आठवडे उलटले आणि एकही कोंब वर आला नाही, की बहुतेक जण पाणी वाढवतात. ही पहिली चूक होय, कारण दोष बहुधा बियाण्याच्या वयात, कवचात किंवा पेरणीच्या खोलीत असतो. त्यासाठी वाळू उकरून चार बिया हातात घ्याव्यात. बी मऊ होऊन कुजले असेल, तर त्याचा जीव गेलेला आहे. ते जसेच्या तसे टणक राहिले असेल, तर कवच पाणी आत जाऊ देत नाही. आणि मोड फुटूनही वाटेतच वाळला असेल, तर पेरणी खोल झाली आहे.

सर्वाधिक नुकसान या खोलीनेच होते. वाळूचा वरचा थर काही तासांत कोरडा पडतो आणि ओल खाली टिकून राहते, म्हणून बी खोल पेरण्याचा मोह होतो. पण बारीक बियांत साठवलेले अन्न इतके थोडे असते, की कोंब प्रकाशापर्यंत पोहोचण्याआधीच ते संपते. वाळूत वाढणाऱ्या आर्टेमिसिया या झुडपाच्या काही जातींचे बी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर पेरावे, कारण त्याला रुजण्यासाठी प्रकाशही लागतो. कॅलिगोनम या झुडपाचे मोठे फळ मात्र २ ते ५ सेंटिमीटर खोलीवरूनही वर येऊ शकते. सर्वांना एकच खोली लावणे, ही सोय फक्त पेरणाऱ्याची असते.

बाभळीच्या कुळातील टणक बी पॉलिश पेपरवर हलकेच घासावे किंवा उकळी आल्यावर चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवावे. चुलीवरच उकळू नये. सकाळी फुगलेले बी पेरावे आणि न फुगलेल्यावर तीच प्रक्रिया पुन्हा करावी. हाच उपाय सॅक्सॉल या वाळवंटी झुडपाच्या बियांवर करणे निरर्थक आहे, कारण त्यांना कठीण कवचच नसते. सॅक्सॉलचे बी साध्या साठवणुकीत वर्षभरातच निकामी होते, म्हणून ते ताजेच वापरावे. अ‍ॅट्रिप्लेक्स या झुडपाच्या फळावरील आवरणात क्षार असतात; ते वाहत्या पाण्यात धुऊन काढावे.

बी उगवल्यावरही काम संपत नाही. वारा मुळाजवळची वाळू उडवून नेतो आणि रोप उघडे पडते. चीनमधील तेंगर वाळवंटाच्या कडेला शापोतोउ येथे १९५०च्या दशकापासून वाळू उडू नये म्हणून पेंढा वाळूत अर्धा गाडून १ मीटर × १ मीटरचे चौकोन करतात. पेरणी अशा चौकोनांच्या आत करावी.