लॅपटॉप घेऊन समुद्राकाठी राहायला निघालात? मराठवाड्यातल्या माणसांनो, या चुका टाळा

लातूर, बीड, परभणीकडची कितीतरी पोरं-पोरी आज पुण्यात हिंजवडी-खराडीला आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या एकच खूळ आहे, की ट्रॅफिक बास झालं, कोकणात समुद्राकाठी घर घ्यायचं, तिथून काम करायचं आणि जमलंच तर दोन खोल्या होमस्टेला लावायच्या. खूळ वाईट नाही, जमायलंय लोकांना. पण आपण कोरड्या मुलखातली माणसं, समुद्र बघितला तो सहलीत, त्यामुळं आपल्या चुका मुंबईकरांपेक्षा जरा वेगळ्या होतात. आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच, जागा डिसेंबरात बघितली आणि जुलैचं कुणाला विचारलंच नाही.

डिसेंबर बघून घर ठरवणं

आपल्याकडं वर्षाला 700-800 मिलिमीटर पाऊस झाला की चांगलं साल म्हणतो आपण. रत्नागिरीकडं 3000 च्या वर पडतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. म्हणजे कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, मासेमारी बंद, बीचवरचे स्टॉल बंद आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. म्हणून पहिलं घर भाड्यानंच घ्या, अकरा महिन्यांचा करार करा, आणि तो मे महिन्यात सुरू करा. घाम, पाणीटंचाई आणि पाऊस, सगळं वाईट आधी बघून होतं, मग दिवाळीला ठरवा राहायचं का नाही ते. लोक नेमकं उलटं करतात, नोव्हेंबरात जातात आणि मार्चमध्ये प्लॉटचं इसार देऊन बसतात.

हिरवं दिसलं म्हणजे पाणी आहे असं समजणं

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते दिवस बघितलेला माणूस खरं तर पाण्याचं सगळ्यात आधी विचारायला पाहिजे, पण नारळी-पोफळीची बाग दिसली की तोच विचारायचं विसरतो. कोकणात जांभा दगड आहे, पाणी झिरपतं पण धरून ठेवत नाही, जमिनीला उतार समुद्राकडं, त्यामुळं एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये बऱ्याच वाड्यांवर टँकर येतो. विहीर बघायची तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघा. आणि गंमत म्हणजे होमस्टेची गर्दी पण मेमध्येच, पाहुणे दिवसातून तीनदा आंघोळ करणार आणि विहिरीनं तळ गाठलेला.

त्यात किनाऱ्याजवळच्या विहिरीत गोडं पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा जास्त झाला की खारं पाणी वर चढतं. मेमध्ये चहा खारट लागायला लागला की आपला मराठवाडी इलाज ठरलेला, बोअर घ्या नाहीतर विहीर अजून खोल करा. इथं हे अजिबात करू नका, खोल गेलात की खाऱ्या पाण्याच्या अजून जवळ जाल. मोटर लहान बसवा, एकदम दोन तास चालवण्यापेक्षा थोडी थोडी करून टाकी भरा, पावसाचं छपरावरचं पाणी साठवा, आणि दोन्ही खोल्यांना बाथटब वगैरे लावायची आयडिया सोडून द्या.

ऑफिसचं सामान पुण्यात होतं तसंच मांडणं

समुद्राची हवा खारी असते, खिडकीसमोर टेबल मांडून फोटो छान येतो पण लॅपटॉपचे पोर्ट, पंख्याचे स्क्रू, इन्व्हर्टरचे टर्मिनल सगळं हळूहळू गंजतं. कामाची खोली समुद्राच्या उलट्या बाजूला ठेवा. लॅपटॉप चार्ज होत नाही असं वाटलं तर आधी चार्जरची पिन आणि सॉकेट बघा, लगेच नवीन बॅटरी मागवू नका. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा, कॅमेरा-हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. बिजागऱ्या, कड्या, नळ स्टीलचे घेताना 316 ग्रेडचं विचारा, महाग आहे पण साधं 304 समुद्राकाठी डागाळतं.

नेटचं सांगायचं तर घरमालक म्हणतो "फुल रेंज आहे", ती अंगणात असते. तुम्ही ज्या खोलीत बसणार तिथं बसून, पाऊस चालू असताना, व्हिडिओ कॉल करून बघा. फायबर असेल तरी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. मे आणि ऑक्टोबरात विजा लई कडाडतात, तेव्हा राऊटरचा अडॅप्टर सॉकेटातून काढा, फायबरच्या काचेतून करंट येत नाही, अडॅप्टरमधून येतो. आणि वादळाचं मनात ठेवाच, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडं कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. मॅनेजरला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"शेजाऱ्याचं घर आहेच की पाण्याला लागून"

हे वाक्य एजंट हमखास टाकतो. शेजाऱ्याचं घर जुनं असतं, सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम आले 1991 ला. आता 2019 च्या नियमांप्रमाणे खेडेगावात 2011 च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला 2161 च्या वर असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर, नाहीतर 200 मीटर पट्ट्यात नवीन बांधकाम करता येत नाही, त्याच्या पुढंही परवानगी लागतेच. म्हणजे सी व्ह्यू प्लॉट मिळेल, तिथं घर होईलच असं नाही.

शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, इथं आपल्या गावाकडचा सातबारा कामाला येतो, पण तो तुमच्या नावावर आहे का आजोबांच्या, ते आधी बघा. आणि कोकणातला सातबारा उघडला की कधी कधी पंधरा-वीस नावं, अर्धे मुंबईत, काही वारलेले, वारस नोंद नाही. भाऊबंदकी आपल्याला काय नवीन नाही, पण आपल्याकडं सगळे भाऊ निदान एका गावात भांडतात. इतर हक्काचा रकाना वाचा, कुळाचं नाव आहे का बघा, सरकारी मोजणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका, रस्त्याची वहिवाट कागदावर घ्या. आणि पूर कुठवर येतो ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

समुद्राला तलाव समजणं

जायकवाडीच्या नाथसागराच्या कडेला वाढलेला असलात तरी समुद्रात पोहणं वेगळं. भरती-ओहोटीचं गणित गावातले लोक तिथीवरून करतात, तिथीला पाऊणनं गुणा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. पावसाळ्यात गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नका, पाहुण्यांनाही जाऊ देऊ नका, ते ऐकणार नाहीत, तरी सांगा.

दवाखाना न बघणं

कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, विंचू असतात. सर्पदंशावरचं इंजेक्शन (अँटीवेनम) जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते राहायला जायच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगाला दाखवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, पण ते काम केलं महाडला राहून, 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. पावसाळ्यात चिखलात अनवाणी फिरू नका, लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिस) भीती असते.

गाव स्लो आहे असं समजणं

गाव स्लो नाही, त्याचं वेळापत्रक वेगळं आहे. येळवशीला (वेळ अमावस्येला) आपल्याकडं गावात माणूस सापडत नाही, तसं तिथं गणपती आणि शिमग्याला सुतार-गवंडी-प्लंबर कुणी येणार नाही, चिडून उपयोग नाही. कामं त्याच्या आधी किंवा नंतर लावा. सुकट वाळत घातली की वास येणारच, त्यावरून ग्रामपंचायतीत तक्रार करणारे पुण्याचे लोक मी बघितलेत, त्यांना पुढं दोन वर्षं कुणी टँकरवाल्याचा नंबर पण दिला नाही.

सामान हलवताना शेवटचं एवढं बघा. रत्नागिरी-नागपूर हायवे नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूरवरूनच येतो, त्यामुळं टेम्पोला रस्ता सरळ आहे, पण आंबा घाट पावसाळ्यात दरडीनं बंद पडू शकतो, तर पाऊस लागायच्या आधी मेमध्येच, नाहीतर ऑक्टोबरनंतर काढा. ज्वारीचं पोतं एकदम आणू नका, दमट हवेत बुरशी धरते. दहा-बारा किलो आणा, कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या पिंपात भरा, संपली की गावाकडून येणाऱ्याच्या हातून परत मागवा. दाळीचं पण तेच.