स्ताबात मातेर ऐकायचंय? आधी यमक पकडा

लॅटिन येत नाही म्हणून बरेच जण स्ताबात मातेर नुसतं बॅकग्राउंडला लावून ठेवतात, तसं करू नका, आधी दहा मिनिटं काढून शब्द बघा, यमक एकदा कानात बसलं की ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे १३व्या शतकातलं लॅटिन ख्रिस्ती स्तोत्र, क्रुसापाशी उभ्या असलेल्या येशूच्या आईचं, मरियेचं, आणि अनेक संगीतकारांनी त्याला संगीत दिलंय. कोणी म्हणतं फ्रान्सिस्कन साधू याकोपोने दा तोदीने लिहिलं, कोणी म्हणतं पोप तिसरे इनोसंट यांनी, वाद जुना आहे.

तर या सहा ओळी वाचा, मनात नाही, मोठ्याने:

स्ताबात मातेर दोलोरोसा
युक्स्ता क्रूचेम लाक्रिमोसा
दुम पेन्देबात फिलिउस

कूयुस आनिमाम जेमेन्तेम
कोन्त्रिस्ताताम एत दोलेन्तेम
पेरत्रान्सिवित ग्लादिउस

अर्थ असा की दुःखी आई रडत क्रुसाजवळ उभी आहे, वर तिचा मुलगा लटकतोय, आणि तिच्या कण्हणाऱ्या जिवातून तलवार आरपार गेलीय.

आता बोटांवर अक्षरं मोजा. आठ, आठ, सात, परत आठ, आठ, सात. पहिल्या दोन ओळी लगेच जुळतात, रोसा-मोसा, पण तिसरी एक अक्षर आखूड आणि एकटीच राहते, तिला जोडीदार मिळतो तो थेट सहाव्या ओळीत. फिलिउस म्हणजे मुलगा आणि ग्लादिउस म्हणजे तलवार, हे दोन शब्द एका यमकात बांधलेत हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला पुढे वाचवेना. आपल्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा सुटतो, इथे सुटलेली ओळ पुढच्या कडव्यात जाऊन मिळते. अशी तीन ओळींची २० कडवी आहेत, म्हणजे १० जोड्या. प्रिंट काढा आणि प्रत्येक तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला पेन्सिलने गोल करा.

मग कागद समोर ठेवून आधी पेर्गोलेसी या इटालियन संगीतकाराचं लावा. १७३६ चं, वय फक्त २६, आणि त्याच वर्षी तो गेला. एक आवाज लागतो, लगेच दुसरा अगदी शेजारच्या सुरावर येऊन घासतो, मग एक जण हळूच खाली उतरतो. पण खरं ऐकायचं ते पुढे, त्याने पहिलं कडवं एका भागात आणि दुसरं वेगळ्या भागात टाकलंय, म्हणजे फिलिउस झाल्यावर संगीत थांबतं आणि ग्लादिउससाठी तुम्हाला पुढच्या भागापर्यंत वाट बघावी लागते. रॉसिनीनेही पहिलं कडवं असंच वेगळं काढलंय. विवाल्दीने पहिली १० कडवीच घेतलीत, तेव्हा अर्ध्या कागदावर संपलं तर तुमचं काही चुकलेलं नाही.

द्वोर्झाक शेवटी ठेवा, घाईत तर अजिबात लावू नका. १८७५ मध्ये त्याची तान्ही मुलगी गेली, पुढच्या वर्षी त्याने हे लिहायला घेतलं, आणि १८७७ मध्ये अजून दोन मुलं गेल्यावर पूर्ण केलं. तो पहिली चारही कडवी एकाच भागात सलग घेतो आणि तेवढ्यालाच पंधरा मिनिटांच्या वर लागतात, त्यामुळे फिलिउस आणि ग्लादिउसच्या मध्ये इथे कुठेच थांबा नाही. पेन्सिल हातात राहू द्या, दोन्ही गोलांवर बोट ठेवा आणि ते शब्द यायची वाट बघा.