ओपन सोर्सवर एकट्यानं कामं घेताय? मग या चुका टाळा

परवा बेळगावच्या शहापुरातला एक पोरगा लॅपटॉप काखेत मारून दारात उभा. "सर, काल चालत होतं, आज चालंना झालंय." काय बदललंस? "काहीच नाही की वो." हे 'काहीच नाही' ऐकून माझे कान किटले आहेत. त्याची डॉकरची फाईल उघडली, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कुठल्या आवृत्तीचा चालवायचा ते लिहिलेली. पोस्टग्रेस हा डेटाबेस, पुढे कोलन, पुढे 'लेटेस्ट', म्हणजे जी सगळ्यांत नवी असेल ती आवृत्ती. मी आधी चहा टाकला.

या लेटेस्टनं माझीही एकदा अब्रू घालवली होती. उद्यमबागेतली एक फौंड्री. चलन, कास्टिंगचं वजन, जॉबवर्कची बिलं, सगळं माझ्या प्रोग्रॅमवर. महिनाअखेर, वर जुलैचा पाऊस. रात्री घरबसल्या सर्व्हरवर शिरलो, सगळं जरा ताजं करून ठेवू म्हणून नव्या इमेज, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, ओढल्या आणि झोपलो. सकाळी साडेसातला मालकांचा फोन. "काय वो, चलन निघंना झालंय. गेटवर दोन टेम्पो उभे आहेत."

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, स्वच्छ लिहिलं होतं: डेटा १४व्या आवृत्तीनं मांडलेला आहे, ही १५वी आहे, जमणार नाही. पोस्टग्रेसच्या मोठ्या आवृत्तीत डेटाची मांडणी बदलते. जुना फोल्डर नव्या आवृत्तीपुढे ठेवून चालत नाही. डंप, म्हणजे सगळ्या डेटाची नक्कल, काढून भरावा लागतो, नाहीतर पीजी-अपग्रेड हे त्यासाठीचं साधन चालवावं लागतं. पण मी लॉग नीट वाचलाच नाही. आधी नेटवर उत्तर शोधलं. तिथं एका शहाण्यानं लिहिलेलं: डेटाचा फोल्डर पुसा, लगेच सुरू होतं. होणारच की! रिकामं सुरू होतं. माझं बोट एंटरवर होतं. तेवढ्यात लाईट गेली, आणि मेणबत्ती शोधता शोधता डोकं ठिकाणावर आलं. नंतर फाईलमध्ये लेटेस्ट खोडून १४ लिहिलं, मिनिटभरात सगळं चालू. तोवर दोन तास टेम्पोवाले माझ्या नावानं काय काय बोलत होते ते मालकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून आवृत्तीचा आकडा मी हातानं लिहितो. मोठी उडी मारायची तर सुट्टीच्या दिवशी, आधी डंप काढून, तो दुसऱ्या मशीनवर भरून बघून. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षं सांभाळली जाते. कुठं गाडी सुटतेय का?

दुसरी चूक खास आपल्या भागातली, आणि पुण्याच्या व्हिडिओत ती कुणी सांगणार नाही. एका पतसंस्थेत एकाच सभासदाची दोन खाती निघाली. आडनाव कऱ्हाडकर. कारकून शपथेवर सांगतो, "शोधलं, सापडलं नाही, म्हणून नवीन उघडलं." तो खरं बोलत होता. 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाईप होतो: एक युनिकोड या अक्षरांच्या नंबरयादीतलं ०९३१ नंबरचं वेगळं 'ऱ' घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत.

मग उत्साही पोरं काय करतात? सगळे अदृश्य जोडक उडवून टाकतात. करू नका. मराठी नाव बिघडतंच, आणि पावती कन्नडमध्येही छापायची असते. कन्नडमध्ये 'रॅली', 'रँक' लिहिताना असाच जोडक लागतो. तो गेला की 'र'चं रूपच बदलतं. मी नाव जसंच्या तसं ठेवतो आणि शोधासाठी बाजूला वेगळा कॉलम करतो. तिथं जोडक काढतो, 'ऱ'चा 'र' करतो. त्या कॉलममध्ये आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवलं तरी बिघडत नाही. दोन नावं जास्त दिसतील, सभासद हरवणार नाही.

पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात म्हणून फॉन्टला शिव्या देऊ नका; बहुतेक वेळा दोष पीडीएफ करणाऱ्या लायब्ररीचा असतो. मी वीझीप्रिंट वापरतो, त्याच्या पोटात अक्षरं मांडणारी पँगो लायब्ररी आहे, अक्षरं नीट जुळतात.

फाईलची परवानगी अडली की ७७७ ठोकून ती सगळ्यांना उघडी करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पासवर्ड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, गेला तर फाईल काढून काही होत नाही, तो इतिहासात राहतो. पासवर्डच बदला.

गिऱ्हाइकाला "सॉफ्टवेअर फुकट आहे" असं सांगू नका. तुम्ही सांगता लायसन्सबद्दल, त्यांना ऐकू येतं तुमच्या मजुरीबद्दल. आणि जीपीएल या लायसन्सचा प्रोग्रॅम बदलून त्यांच्या मशीनवर टाकलात तर सोर्स कोड त्यांनी मागितल्यावर द्यावा लागतो, तिथं "कोड माझा" म्हणून हुज्जत घालता येत नाही. त्याहून कडक एजीपीएल असेल तर नुसतं नेटवरून वापरायला दिलं तरी तेच. लायसन्सची फाईल वाचायला चहाच्या दोन कपांइतका वेळ लागतो, पण पोरांना प्रोग्रॅमला लोकांनी दिलेले स्टार मोजायची घाई.

बिलाचंही तसंच. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, परराज्यात काम केलं तरी. पण एकदा नोंदणी झाली की कोल्हापूरच्या कंपनीला केंद्र-राज्याचे ९ अधिक ९ लावायचे नाहीत, १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्याचा जीएसटी, लावायचा. मी एकदा उलटं केलं आणि त्यांच्या अकाउंटंटनं तीन वेळा बिल परत पाठवलं. चौथ्यांदा बरोबर गेलं, पैसे दिवाळीनंतर आले.

शहापूरच्या पोराचं काय? त्यानं फोल्डर आधीच पुसला होता. बॅकअप होता म्हणे, त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरात.