घरच्या कंपनीत ऑडिट कमिटी कामाला कशी लावायची

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीतली घरची कंपनी पब्लिक लिमिटेड होऊन वाढत गेली की एक दिवस सीए ऑडिट कमिटीचा, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीचा, विषय काढतात. शेअर बाजारात नोंदणी नसली तरी कंपनी कायदा 2013 चं कलम 177 लागू होऊ शकतं. भरणा झालेलं भागभांडवल 10 कोटी, उलाढाल 100 कोटी, किंवा कर्जं, डिबेंचर (कर्जरोखे) आणि ठेवी मिळून 50 कोटींच्या वर, यांतलं एक पुरे. आकडे शेवटच्या ऑडिट झालेल्या हिशेबांतले धरायचे.

किमान 3 संचालक घ्या, त्यांत 2 स्वतंत्र, म्हणजे मालकांशी नातं किंवा कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेले. सदस्यांपैकी बहुतेकांना, अध्यक्षांना तर नक्कीच, ताळेबंद वाचता आला पाहिजे. बाहेरचा माणूस हवा म्हणून मालकाच्या मित्राला बसवतात, आणि कमिटी तिथेच संपते.

खरी कसोटी घरातल्या व्यवहारांची. संचालकाच्या भावाची ट्रान्सपोर्ट फर्म माल वाहते, आईच्या नावावरचं गोडाऊन भाड्याने आहे. या दोन्हींना कमिटीची मंजुरी लागते, तीही व्यवहाराआधी. काका किंवा चुलतभाऊ कायद्याच्या नातेवाईकांच्या यादीत नाहीत, पण एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य असतील तर येतात. इथे हमखास चूक होते. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक संचालकाकडून नातेवाईक आणि त्यांच्या फर्म लिहून घ्या, आणि ती यादी खात्यांतल्या पार्ट्यांच्या नावांशी ताडून पाहा. भाडं मंजूर करताना त्याच भागातल्या दोन गोडाऊनचे दर समोर हवेत. "नेहमीचाच दर आहे" एवढ्यावर सही करू नका.

दुसरी जागा उधारीची. येणी वयानुसार मागा: 6 महिन्यांच्या आतली, वर्षापर्यंतची, मग 2 वर्षं, 3 वर्षं आणि त्यापुढची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनी उधारी अचानक वसूल झालेली दिसली, तर एप्रिलचं बँक स्टेटमेंट पाहा. पैसे परत गेले असतील तर वसुली कागदावरचीच.

नोंदणी नसलेल्या कंपनीला बैठकांची संख्या कायद्याने ठरवून दिलेली नाही. तरी तिमाहीला एक घ्याच. कागद 7 दिवस आधी पोचले पाहिजेत. ऑडिटरशी अर्धा तास मॅनेजमेंटला बाहेर ठेवून बोला.

संचालक मंडळाने कमिटीची शिफारस नाकारली तर मंडळाच्या अहवालात ते कारणासह छापावं लागतं. तेव्हा शिफारस तोंडी ठेवू नका, इतिवृत्तात शब्दशः घ्या, आणि त्याचा मसुदा 15 दिवसांत सगळ्या सदस्यांकडे पाठवा.